बशीच्या जातीचं पातं

१. गाळ्यावरचा प्रश्न

अमरावतीहून नागपूरच्या रस्त्यानं नांदगाव पेठेकडे निघालं की कापडाच्या ठोक व्यापाराची मोठमोठी संकुलं लागतात. बिझीलँड हे त्यातलं एक. दिवाळीला दोन महिने उरले की इथल्या गाळ्यांमध्ये पाय ठेवायला जागा नसते. पुठ्ठ्याचे खोके छतापर्यंत रचलेले, खाली टेपचे भेंडोळे, सुतळ्या, प्लास्टिकच्या पट्ट्या, आणि मधे एखादा पोरगा हातात कटर घेऊन एकामागून एक खोका उघडत असतो.

अशाच एका गाळ्यावर बसलो असताना तिथल्या पोरानं मला आपला नवा कटर दाखवला. पातं पांढरंशुभ्र, दुधाच्या दातासारखं. मालकानं मागवलेलं, सिरॅमिकचं. "साल-साल धार जात नाही" असं त्याच्या पाकिटावर लिहिलेलं होतं म्हणे. पोराची शंका साधी होती. "भाऊ, कप पडला तं फुटते. मंग हे कपाच्या जातीचं पातं साल-साल टिकन कसं?"

मी तिथल्या तिथे उत्तर दिलं, पण ते अर्धवट होतं, हे परत येताना बसमध्ये लक्षात आलं. उरलेलं उत्तर या प्रकरणात आहे.

२. जात एक, घराणं वेगळं

सिरॅमिक हा फार ऐसपैस शब्द आहे. माती किंवा मातीसारखा, स्वतः धातू नसलेला एखादा पदार्थ आकार देऊन भट्टीत पक्का केला की तो सिरॅमिक. कुंभाराचं मडकं, कौल, वीट, चहाची बशी, विजेच्या खांबावरची पांढरी चिमणी, सगळी याच जातीतली. पण ज्वारी आणि ऊस दोन्ही गवताच्या कुळातले असले तरी भाकरी उसाची होत नाही. कटरच्या पात्यात बशीची माती नसते. तिथे असतो जिर्कोनिया, म्हणजे जिर्कोनियम या धातूचा ऑक्साइड.

हे मूलद्रव्य १७८९ साली मार्टिन क्लापरोट या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं सिलोनच्या जिर्कॉन खड्यात ओळखलं. जिर्कॉन आपल्याकडेही मिळतो. केरळात चवऱ्याच्या आणि तमिळनाडूत मानवलकुरिचीच्या किनाऱ्यावरच्या काळपट वाळूतून तो वेगळा काढतात. आणि जिर्कोनिया तर आपल्या घरात कधीच येऊन बसला आहे. लग्नात नथीत नि कुड्यांत चमकणारे 'अमेरिकन डायमंड' म्हणजे जिर्कोनियाच. फक्त त्याच्या कणांची मांडणी निराळी असते, म्हणून तो पारदर्शक दिसतो.

पातं करताना जिर्कोनियाची अतिबारीक पूड साच्यात दाबतात आणि साधारण १४०० ते १५०० अंश सेल्सिअसला भाजतात. कच्चं मडकं भट्टीत आकसतं तसं हेही आकसतं, बरंच जास्त. मग हिऱ्याच्या पुडीच्या चाकावर धार काढतात. स्वयंपाकघरातल्या अशा सुऱ्या १९८०च्या दशकात जपानमध्ये विकायला आल्या. कटरमध्ये हे पातं त्यानंतर शिरलं.

३. कडक वेगळं, चिवट वेगळं

आता मुद्द्याची गोष्ट. 'मजबूत' हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या गुणांसाठी वापरतो आणि तिथेच घोटाळा होतो.

गुळाची चिक्की घ्या. नखानं ओरखडा काढायला गेलात तर नख मोडेल, पण टेबलाच्या कडेवर आपटली की दोन तुकडे. चामड्याचा पट्टा घ्या. सुईनं सहज टोचता येतो, पण आपटा, वाकवा, ओढा, तुटत नाही. चिक्की कडक आहे, पट्टा चिवट. कडक म्हणजे ज्यावर ओरखडा पडत नाही, जे घासून झिजत नाही. चिवट म्हणजे ज्यात पडलेली भेग पुढे सरकत नाही.

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हे शाळेत शिकावं लागत नाही. वखराची पास बोथट झाली की ती लोहाराकडे जाते. लोहार ती तापवतो, ठोकतो, पाणी देतो. पाणी दिल्यानं लोखंड कडक होतं. पण पाणी जरा जास्त झालं की तीच पास पहिल्या दगडाला लागून कपचा टाकते. म्हणून जाणता लोहार पाणी दिल्यावर ती पुन्हा थोडी शेकतो. कडकपणा थोडा सोडतो आणि चिवटपणा परत मिळवतो. पोलादाच्या प्रत्येक पात्यात ही तडजोड असते.

दोन्ही गुण मोजता येतात. कडकपणा मोजायला हिऱ्याचं टोक ठरावीक दाबानं पदार्थावर दाबतात आणि उमटलेला खड्डा मोजतात. खड्डा जितका लहान तितका आकडा मोठा. या मापात कटरच्या पोलादी पात्याचा आकडा ७०० ते ८०० येतो, जिर्कोनियाचा १२०० ते १३००. चिवटपणात पारडं उलटतं. काचेचा चिवटपणा १ धरला तर चिनी मातीच्या बशीचा दीड-दोन, जिर्कोनियाचा ७ ते १०, आणि पात्याच्या पोलादाचा २० किंवा त्याहून जास्त.

म्हणजे पोराचं म्हणणं निम्मं बरोबर होतं. पातं बशीपेक्षा पाचपट चिवट आहे, पण पोलादाच्या निम्म्यावरही येत नाही.

कडक पण कमी चिवट पातं ही काही नवी गोष्ट नाही. महाराष्ट्रात दगडाची पाती वापरण्याचा इतिहास लांब आहे. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून अनेक वर्षं उत्खनन केलं. तिथे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची गारगोटीच्या जातीच्या दगडाची पातळ, लांबट पाती मोठ्या संख्येनं सापडली. हा दगड आपल्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत तयार होतो. वऱ्हाडातही नदीकाठी किंवा नांगरटीत त्याचे पांढरे-तांबूस खडे वर येतात. अशी पाती लाकडाच्या खाचेत बसवून विळ्यासारखी वापरत. एक कपचलं की ते काढायचं आणि दुसरं बसवायचं. कडक पण ठिसूळ पात्यावरचा तो जुना उपाय पुढे पुन्हा भेटणार आहे.

४. धार मरते म्हणजे काय होतं

पुठ्ठा तर मऊ. मग त्यानं पोलाद बोथट कसं होतं?

पुठ्ठा हा शुद्ध कागद नसतो. त्यात खडूची पूड असते, चिकणमाती असते. जुन्या रद्दीपासून केलेल्या पुठ्ठ्यात तर वाळूची कचही येते. वर ट्रकच्या प्रवासातली धूळ. खडू पोलादापेक्षा मऊ, त्याचा त्रास कमी. वाळूचे कण मात्र पोलादापेक्षा कडक. खनिजांचा कडकपणा मोजायची दहा अंकांची एक जुनी पट्टी आहे. तीत हिरा १०, वाळू ७, चांगलं पोलाद साडेसहाच्या आसपास, जिर्कोनिया साडेआठ. वाळूचा कण पोलादावर ओरखडा काढू शकतो, जिर्कोनियावर नाही. टिकाऊपणाच्या दाव्याचं निम्मं रहस्य सात आणि साडेआठ या दोन आकड्यांत आहे.

दुसरी गोष्ट धारेच्या जाडीची. नव्या पात्याची धार एक मायक्रोमीटरच्या आसपास जाड असते. आपला केस साधारण ७० मायक्रोमीटरचा. समजा, घासून धार १० मायक्रोमीटर झाली. डोळ्यांना काहीच फरक दिसणार नाही. पण तोच जोर आता दहापट रुंद जागेवर विभागला जातो, म्हणजे दाब एक दशांश. मग पोरगा जोर वाढवतो, पातं घसरतं आणि आतल्या साडीचा काठ कापला जातो, किंवा डाव्या हाताचा अंगठा.

गाळ्यावर किती कापणं होतं याचा अंदाज घेऊ. रोज १५० खोके, प्रत्येकावर सव्वा मीटर टेप. म्हणजे दिवसाला साधारण १८७ मीटर. दिवाळीआधीच्या ६० दिवसांत सव्वाअकरा किलोमीटर. अमरावतीहून बडनेरा गाठून वर थोडं उरेल एवढा रस्ता त्या एवढ्याशा पात्यानं कापलेला असतो.

५. काळ्या जमिनीची भेग

जिर्कोनिया बशीपेक्षा इतका चिवट कसा, हा या प्रकरणातला मला सगळ्यात आवडणारा भाग आहे.

उन्हाळ्यात दर्यापूर किंवा मूर्तिजापूरकडच्या काळ्या जमिनीत उभे राहा. भेगा अशा की हात कोपरापर्यंत जावा. मग मृगाचा पाऊस येतो. काळ्या मातीचे कण पाणी पिऊन फुगतात आणि चार-आठ दिवसांत भेग दोन्ही बाजूंनी दाबली जाऊन मिटते. बाहेरून कोणी माती भरलेली नसते. जमिनीनं आतूनच फुगून ती बुजवलेली असते.

जिर्कोनियाच्या पात्यात जवळजवळ असंच घडतं, फक्त पाण्याशिवाय.

शुद्ध जिर्कोनियाच्या कणांना दोन प्रकारे बसता येतं. साधारण ११७० अंशांच्या वर ते दाटीवाटीनं बसतात, थंड झाले की पसरून बसतात. पसरताना आकारमान चार-पाच टक्क्यांनी वाढतं. रेल्वेच्या डब्यात बाकावर चौघं आवळून बसलेली असावीत आणि एकदम सगळ्यांनी कोपरं बाहेर काढावीत, तसं. शुद्ध जिर्कोनियाचं पातं भाजून थंड केलं तर या फुगण्यानंच त्याच्या चिंधड्या होतात.

यावर तोड म्हणून पुडीत यिट्रियम नावाच्या धातूचा ऑक्साइड मिसळतात. शंभर भागांत वजनानं पाचेक भाग. हा पाहुणा मधे बसला की कण थंड झाल्यावरही आवळूनच बसून राहतात. पण राजीखुशीनं नाही. पसरायची ओढ कायम असते, जागा मिळत नाही एवढंच.

आता पात्याला कुठेतरी भेग पडू लागली असं समजा. भेगेच्या टोकाशी पदार्थ ताणला जातो. तो ताण बसला की तिथल्या कणांना जागा मिळते आणि ते फटाफट पसरतात. पसरले की चारी बाजूंनी भेगेवर दाब येतो आणि तिचं तोंड आवळलं जातं. पुढे सरकायचं तर तिला जास्त जोर लावावा लागतो. हे कण इतके बारीक, की एका केसाच्या रुंदीत दीडशेच्या आसपास मावतील. भेगेला प्रत्येक पावलाला असा पहारा ओलांडावा लागतो.

ऑस्ट्रेलियातल्या गार्वी, हॅनिंक आणि पॅस्को यांनी १९७५ साली 'नेचर' या नियतकालिकात हे मांडलं. लेखाचं शीर्षक होतं 'सिरॅमिक स्टील?'. प्रश्नचिन्ह त्यांनी स्वतःच घातलेलं आहे, आणि पन्नास वर्षांनंतरही ते काढून टाकायची वेळ आलेली नाही.

काळ्या जमिनीची उपमा एका ठिकाणी मोडते, तेही सांगायला हवं. जमीन दर पावसाळ्यात फुगते आणि दर उन्हाळ्यात पुन्हा भेगाळते. पात्यातला कण एकदाच पसरतो. पसरला की त्याची शिल्लक संपली.

६. मग तुटतं कुठे?

माझ्या घरातलं पहिलं सिरॅमिक पातं तीन आठवड्यांत गेलं. मी त्यानं रंगाच्या डब्याचं झाकण उचकटायला गेलो. टोक 'टिक्' आवाज करून कुठे उडालं ते आजतागायत सापडलेलं नाही. दुसरं शहाबादी फरशीवर पडून गेलं. दोन्ही वेळा धार शाबूत होती. ती बोथट होण्याची संधीच तिला मिळाली नाही.

कापताना पात्यावर येणारा जोर धारेच्या दिशेनं, उभा असतो. दाब सिरॅमिक छान सोसतं. उचकटताना पातं आडवं वाकतं, आणि वाकलं की एका बाजूला ताण येतो. ताण हा सिरॅमिकचा जन्माचा शत्रू. पोलाद अशा वेळी थोडं वाकून जोर गिळतं, धार एका अंगाला लवते, पण तुकडा पडत नाही. सिरॅमिकला वाकणं माहीत नाही.

आणखी एक गोष्ट गिऱ्हाइकाला चक्रावून टाकते. एकाच पाकिटातली दोन पाती, एक दोन वर्षं चालतं, दुसरं आठवड्यात मोडतं. फसवणूकच असते असं नाही. सुतळी जिथे सगळ्यात विरलेली तिथेच तुटते, बाकी कितीही पक्की असो. सिरॅमिकचंही तसंच. भाजताना राहून गेलेलं एखादं सूक्ष्म छिद्र, धार काढताना पडलेला ओरखडा, यांतला सगळ्यात मोठा दोष त्या पात्याचं आयुष्य ठरवतो. म्हणून सिरॅमिक पात्याच्या टिकाऊपणाचा एकच आकडा सांगणं तसं धाडसाचंच आहे.

चांगले उत्पादक कटरमधलं पातं थोडंसंच बाहेर येऊ देतात आणि त्याचं टोक गोल ठेवतात. टोकदार कोपरा सगळ्यात आधी मोडतो हे त्यामागचं कारण, आणि गोल टोक बोटात घुसत नाही हा वरचा फायदा. काही पात्यांची धार मुद्दाम जरा जाड ठेवलेली असते. बोट हलकेच फिरवलं तर कापत नाही, टेप मात्र कापते. पण 'कापतच नाही' हे विक्रेत्याचं बोलणं झालं. दाबून ओढलं तर कापतं.

७. तोडण्यासाठीच केलेलं पातं

ओसाकाच्या योशिओ ओकादा यांनी १९५६ साली धार मरण्याच्या प्रश्नाला बरोबर उलट्या बाजूनं हात घातला. ते छपाईच्या कामात होते. कागद कापून ब्लेडची टोकं बोथट होत आणि बाकीचं ब्लेड चांगलं असूनही फेकावं लागे. चांभार काचेच्या तुकड्याची कड बोथट झाली की काच पुन्हा फोडून नवी कड काढत, हे त्यांनी पाहिलेलं होतं. चॉकलेटची वडी रेघांवर मोडते, हेही डोक्यात होतं. दोन्ही जुळवून त्यांनी तिरप्या रेघा पाडलेली पोलादी पट्टी केली. पुढचा तुकडा बोथट झाला की मोडायचा, मागचा पुढे सरकवायचा. आपल्या स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा प्रत्येक साधा कटर त्याच कल्पनेवर चालतो. रुंद पट्टीत असे साधारण आठ तुकडे असतात.

इनामगावच्या शेतकऱ्याचा हा चुलतभाऊच म्हणायचा. धार टिकवायच्या भानगडीत पडायचंच नाही, नवी आणायची.

८. हिशोब

आता गाळ्यावरचा व्यवहार पाहू. काही उत्पादक सिरॅमिकचं पातं पोलादापेक्षा दहा-अकरापट टिकतं असं सांगतात. ते खरं धरू. पण अकरापट कशाच्या? एका पोलादी धारेच्या, असं मी समजतो. पुढचे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतलेले आहेत.

समजा, रोजच्या १५० खोक्यांना पोलादाचा एक तुकडा दोन दिवस पुरतो. आठ तुकड्यांची पट्टी १६ दिवस चालली. पट्टी २० रुपयांची धरली तर दिवसाला सव्वा रुपया. सिरॅमिक अकरापट, म्हणजे २२ दिवस. पातं ४०० रुपयांचं धरलं तर दिवसाला अठरा रुपयांच्या वर. अकरापट ऐकून डोळे मोठे होतात, पण पट्टीशी तुलना केली तर ते जेमतेम दीडपट निघतं. गाळ्यावर 'साल-साल' हे पाकिटावरच राहणार.

तेच पातं घरी आणा. २२ दिवसांत १५० प्रमाणे ३३०० खोके. घरी रोज एक पार्सल येतं असं धरलं (इतकी पार्सलं येऊ नयेत, पण येतात) तरी नऊ वर्षं झाली. घरी त्याची धार मरणारच नाही. त्याआधी ते फरशीवर पडेल.

मग व्यापाऱ्यानं ते घेऊच नये का? पैशासाठी घ्यायचं कारण दिसत नाही. पण पोलादी तुकडे मोडताना आणि पट्टी बदलताना बोटं कापतात, मोडलेले तुकडे मालात पडतात, पावसाळ्यात पट्टी गंजून नव्या साडीवर तांबूस डाग उठतो. हे तिन्ही त्रास सिरॅमिकनं कमी होतात. खरेदीचं कारण तिथे आहे, आणि पाकिटावर नेमकं ते बारीक अक्षरात असतं.

९. राहिलेल्या शंका

अकोल्याच्या उन्हानं पातं बिघडतं का? मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला तरी दीड हजार अंशांत भाजलेल्या पात्याला त्याचं काही नाही. मात्र उष्णता आणि ओल दोन्ही एकत्र, बराच काळ मिळाले की जिर्कोनियाचे कण विनाकारण पसरू लागतात आणि पृष्ठभाग भुसभुशीत होतो. २००१ साली युरोपातल्या एका उत्पादकाचे जिर्कोनियाचे कृत्रिम खुब्याचे गोळे रुग्णांच्या शरीरात शेकड्यांनी फुटले आणि बाजारातून परत बोलवावे लागले. भाजण्याची पद्धत बदलली होती, तिथे चूक झाली. म्हणून कटर उकळत्या पाण्यात घालून ठेवू नये, एवढंच.

गल्लीत येणाऱ्या धारवाल्याकडून धार लावून घेता येईल? नाही. त्याच्या कुरुंदाच्या चाकावर धारेचे कपचे निघतात. हिऱ्याचं चाक लागतं, आणि त्याच्या मजुरीत नवं पातं येतं.

वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या पॅकिंगला चालेल? रसाच्या आम्लानं ते गंजत नाही, हे चांगलं. पण मोडलेला तुकडा लोहचुंबकाला चिकटत नाही आणि धातू शोधणाऱ्या यंत्रालाही दिसत नाही. खाण्याच्या मालाजवळ मला तरी ते नको वाटतं. रुईच्या गाठींवरची लोखंडी पट्टी मात्र यानं कापायला कोणी जाऊच नये.

त्या गाळ्यावर मी पुन्हा गेलो तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. पांढरं पातं अजून शाबूत होतं. पोरानं कटरच्या मागच्या भोकात सुतळी ओवून ती टेबलाच्या पायाला बांधली होती, आणि सुतळीची लांबी अशी बेतली होती की हातातून सुटला तर कटर फरशीच्या वीतभर वरच लटकावा. खोक्यांवरच्या प्लास्टिकच्या पट्ट्या कापायला त्याच्या खिशात जुना पोलादी कटर होता. त्यातले तीन तुकडे शिल्लक होते.